घरामागचें घर

घर बांधतांना मनुष्य भिंतींचा विचार करतो, छपराचा करतो, दारांखिडक्यांचा करतो; परंतु घराच्या मागें जी रिकामी जागा उरते तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ती आपोआप उरते आणि आपोआप बिघडते. एका कोपऱ्यांत मोडकी खाट, दुसऱ्यांत फुटक्या कुंड्या, मध्यें कपडे वाळत घालण्याची तार, आणि भिंतीलगत कोणीं कधीं लावलीं हें कोणासच ठाऊक नाहीं अशीं झुडुपें, असें तिचें रूप होऊन बसतें. आपल्या जुन्या वाड्यांत पुढें अंगण आणि मागें परसूं, हीं दोन्ही घराचींच अंगें मानलीं जात. इकडे विदर्भांत मागच्या जागेस सांदवाडी असेंही म्हणतात. नांव कोणतेंही असो. ती घराबाहेरची जागा नव्हे, तर छप्पर नसलेली एक खोली होय, एवढें ध्यानांत आलें म्हणजे पुढचा विचार सरळ सुचत जातो.

आम्ही शाळामास्तरकी करून निवृत्त झालेले गृहस्थ. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि त्याला थोडी संस्कृताची जोड. बागकामाचे किंवा स्थापत्याचे आम्ही पंडित नव्हे. तथापि ऊर्जानगर येथें चिरंजिवांच्या बिऱ्हाडीं राहावयास आल्यापासून तेथील परसूं सर्व कुटुंबाच्या उपयोगी पडेल असें लावण्याचा योग आला. त्यांत जें सुचलें आणि जें टिकलें, तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ऊर्जानगर हें गांव नव्हे, वसाहत होय. चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, दुर्गापुराच्या शेजारीं, औष्णिक वीजकेंद्राच्या नोकरवर्गासाठीं ती वसविली गेली. या केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. पहिले दोन जुने संच आतां बंद झाले असून उरलेल्या सात संचांची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्यांस लागणारें पाणी इरई नदीवरील धरणांतून येतें. एका अंगास उंच धुराडीं, दुसऱ्या अंगास कोळशाची खाण, आणि पलीकडे १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेलें ताडोब्याचें अरण्य, अशा तिहींच्या मध्यें ही वसाहत आहे. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रीं तें ओकतात. अशा ठिकाणीं संध्याकाळीं घरांत बसणें ही शिक्षा, आणि बाहेर बसावयास जागा नसणें ही दुसरी.

परंतु आमची खरी अडचण उन्हाची नव्हती. चिरंजिवांची नोकरी पाळीची. कधीं सकाळची पाळी, कधीं दुपारची, कधीं रात्रीची. ते घरीं येत तेव्हां नातू शाळेंत. नातू घरीं येई तेव्हां ते झोपलेले. सूनबाई स्वयंपाकघरांत, आमच्या सौभाग्यवती देवघरांत, आणि आम्ही पुढच्या खोलींत वर्तमानपत्र घेऊन. पांच माणसें एकाच छपराखालीं राहत होतीं, पण आठवडा आठवडा एका ठिकाणीं बसत नसत. घरांतील प्रत्येक खोली कोणातरी एकाची झाली होती. सर्वांची अशी एकही जागा उरली नव्हती. म्हणून परसांतच ती करावी, हा विचार पुढें आला.

विचार सोपा होता. एकमत मात्र कठीण होतें. सौभाग्यवतींस पूजेचीं फुलें हवीं होतीं, तुळस हवी होती, आणि पापड-कुरडयांच्या वाळवणास स्वच्छ ऊन हवें होतें. चिरंजिवांस पाळीवरून आल्यावर पाय पसरून बसावयास सावली हवी होती. नातवास झोपाळा. आम्हांस वाचावयास उजेड. आणि सूनबाईंचें म्हणणें अगदीं वेगळें होतें. त्या म्हणाल्या, "बाबा, मला कांहीं नको. तीं सगळीं झुडुपें आधीं काढून टाका आणि सरसकट फरशी घाला."

या बोलण्यास कारण होतें, आणि तें लहान नव्हतें. २०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत वीजकेंद्राच्या आवारांत वाघानें एका कामगाराचा बळी घेतला, आणि पाठोपाठ दुर्गापुरांत बिबट्यानें एका शाळकरी वयाच्या मुलास नेलें. त्या दिवसांत या भागांतील एकाही आईनें संध्याकाळीं मूल दाराबाहेर सोडलें नाहीं. ज्या घरांत सहा वर्षांचें मूल आहे, त्या घराच्या मागें भिंतीलगत पुरुषभर उंचीची दाट झुडुपें असावीं, हें कोणत्या आईस रुचेल? उलट सौभाग्यवतींचें म्हणणें असें, कीं हिरवें पान दिसूं नये असल्या तापलेल्या फरशीवर बसावयाचें तरी कोणीं? दोघींचेंही खरें होतें. म्हणूनच तंटा मिटेना. पंधरा दिवस स्वयंपाकघरांत भांड्यांचा आवाज तेवढा वाढला, बोलणें कमी झालें.

अशा वेळीं आम्ही आमच्या संवयीप्रमाणें जुन्या ग्रंथांकडे वळलों. वात्स्यायनमुनींचें नांव कुटुंबांत घ्यावयास लोक संकोचतात. परंतु गृहिणीचीं कर्तव्यें सांगतांना त्यांनीं घराजवळच्या वाटिकेविषयीं जें लिहिलें आहे तें कोणीही मोकळेपणीं वाचावें असेंच आहे. भाज्यांचे वाफे, जिरें-मोहरीसारखीं घरगुती पिकें, सुवासिक फुलांचीं झाडें, बसावयास सुंदर ओटे, आणि मध्यें विहीर किंवा पाण्याचें टांकें, असा सर्व बेत त्यांत एकत्र आहे. नागरकाच्या वाटिकेंत सावलींतला झोपाळाही ते विसरले नाहींत. म्हणजे स्वयंपाक, पूजा, विश्रांति आणि क्रीडा या चार गोष्टी एकाच जागेंत नांदाव्या ही कल्पना आजकालची नव्हे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. दोन झाडांमध्यें वीस हातांचें अंतर उत्तम, सोळांचें मध्यम, आणि बारांचें कनिष्ठ, असा त्यांतील नियम. आमचें परसूं पूर्वपश्चिम चोवीस हात आणि दक्षिणोत्तर अठरा हात भरतें. म्हणजे मोठीं झाडें फार तर दोन, आणि तींही समोरासमोरच्या टोकांस. लोक दहा हात जागेंत आंबा, पेरू, लिंबू आणि नारळ लावतात आणि मग एकही फळत नाहीं म्हणून मातीस दोष देतात. त्याच ग्रंथांत घरीं प्रथम लावावयाच्या मंगल वृक्षांत अशोक, पुन्नाग, शिरीष यांच्याबरोबर अरिष्टाचें नांव आहे. अरिष्ट म्हणजे कोणी रिठा घेतात, कोणी कडुनिंब. आमच्या परसांत पश्चिमेच्या कोपऱ्यांत एक भला कडुनिंब आधींच उभा होता. म्हणून अर्थनिर्णयाचा वाद आम्हीं आमच्यापुरता मिटविला.

तिसरें साह्य कौटिल्याचें. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत घरांविषयींचे नियम आहेत. पाण्याची वाट, केरकचरा, पावसाचा ओघ यांपासून शेजाऱ्याच्या भिंतीस उपद्रव होऊं नये, याची त्यांत बारकाईनें व्यवस्था केली आहे. त्यावरून आम्हीं एक क्रम ठरविला : आधीं पाणी, मग जमीन, मग सावली, आणि सर्वांत शेवटीं झाडें. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आधीं रोपें आणतात, मग त्यांच्यांतून वाट काढतात, आणि पावसाळ्यांत चिखल झाला म्हणजे वाटेवर दगड टाकीत बसतात.

परंतु हात लावण्यापूर्वी आम्हीं एक वर्ष नुसतें पाहण्यांत घालविलें. चौकटीच्या वहीवर परसाचा नकाशा काढला. परसाच्या मध्यें एक सरळ काठी रोवली आणि सिद्धांतग्रंथांतील शंकूच्या रीतीनें तिची छाया सकाळीं, मध्यान्हीं व चार वाजतां नातवाकडून मापविली. चंद्रपूर सुमारें वीस अक्षांशांवर आहे. म्हणून मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो आणि काठीची छाया तिच्या पायाशींच लोपते. नातवास हा चमत्कार वाटला. आम्हांस त्यांतून बोध झाला. त्या दिवसांत भिंतीची सावली दुपारीं उपयोगाची नाहीं. छाया वरूनच हवी, आणि चार वाजतां पश्चिमेकडून हवी. उलट पौषांत मध्यान्हीं सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि छाया जवळजवळ काठीएवढी लांब पडते. आमचें परसूं घराच्या दक्षिणेस असल्यामुळें थंडींत तेथें भरपूर ऊन येतें, तें अडवूं नये. याच वर्षीं पावसाळ्यांत पाणी कोठें साचतें आणि कोणत्या वाटेनें निघतें, हेंही नकाशावर निळ्या शाईनें लिहून ठेविलें.

आतां राहिला तो सासू-सुनेचा प्रश्न. तो शास्त्रानें सुटण्यासारखा नव्हता. नीट पाहण्यानें सुटला. बिबट्यास काय हवें असतें? दबा धरावयास आडोसा हवा असतो, आणि भक्ष्य हवें असतें. उघड्यावरच्या खरकट्यानें कुत्रीं-डुकरें येतात, आणि कुत्र्यांमागें तो येतो. म्हणजे हिरवळ हा शत्रु नव्हे. डोळ्याच्या आड येणारी दाटी हा शत्रु. त्यावरून आम्हीं एक नियम सांगितला, आणि तो दोघींनींही मान्य केला : गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खालीं कांहींही दाट असूं नये. फुलझाडें असावींत तीं गुडघ्याएवढींच. वृक्ष असावा तो डोक्यावरून छाया धरणारा. मधला पट्टा मोकळा. स्वयंपाकघराच्या खिडकींतून पाहिलें असतां नजर मागच्या भिंतीपर्यंत अडल्याविना गेली पाहिजे. तुळशीवृंदावन तेवढें मधोमध राहिलें. पण तुळस एकटी आणि विरळ, तिच्यामागें लपावयास कोणासही जागा नाहीं.

नियम ठरतांच बाकीचें काम जणूं आपोआप झालें. फाल्गुनांत जुनीं झुडुपें मुळासकट काढलीं. कडुनिंबाच्या खालच्या फांद्या उतरविल्या. मग जमिनीस घरापासून दूर, दर दहा फुटांस दोन इंच असा उतार दिला आणि शेवटास एक उथळ पाट काढला. न्हाणीचें व भांड्यांचें पाणी पूर्वेच्या पट्ट्यांत वळवून तेथें केळ आणि अळू लावला. केळीचे मुनवे वेळच्या वेळीं काढावे लागतात, नाहींतर तेथेंच पुन्हा जाळी माजते. हें काम सूनबाईंनीं स्वतःकडे घेतलें आहे.

घर नोकरीचें, आपलें नव्हे. म्हणून सिमेंटचें कांहीं करावयाचें नाहीं, असें आम्हीं पहिल्यापासून ठरविलें होतें. त्याचा तोटा न होता फायदाच झाला. मुरूम ठोकून त्यावर वाळूचा थर दिला आणि त्यांत राखेच्या विटा नुसत्या बसविल्या. औष्णिक केंद्रांत कोळसा जळून जी राख उरते तिच्याच या विटा; ज्या राखेनें आमच्या खिडक्या धुळकट होतात, तीच येथें पायाखालीं आली. सांध्यांतून पाणी जमिनींत मुरतें, आणि उन्हाळ्यांत संध्याकाळीं सडा घातला म्हणजे विटा तें धरून ठेवतात आणि जागा निवते. एखादी वीट खचली तर काढून खालीं मूठभर वाळू घालावी, कीं झालें.

मांडव आठ हात चौरस, बांबूचा. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या बांबूच्या मुलखांत राहून लोखंडी पत्र्याखालीं तापत बसावें, याहून मोठा अविचार नाहीं. बांबूच्या कामाचें शिक्षण देणारी संस्थाही चंद्रपुराजवळ चिचपल्लीस आहे. बांबूसंबंधीं दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्यात. कापलेला हिरवा बांबू तसाच वापरूं नये. त्यांतील पिठाळ अंशावर भुंगा पडतो. तो कांहीं आठवडे पाण्यांत भिजवून, सावलींत वाळवून मगच घ्यावा, अथवा टांकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणांत मुरवावा. दुसरें, खांब मातींत पुरूं नये. दगडावर उभा करावा. मातींतला बांबू वाळवी फार काळ टिकूं देत नाहीं. वरून आच्छादन उन्हाळ्यांत बुरडाकडून विणून आणलेल्या तट्ट्यांचें. मृगाचा पाऊस पडला कीं तट्टे उतरून ठेवावयाचे आणि मांडवावर दोडक्याचे वेल चढवावयाचे. थंडी पडेपर्यंत वेल वाळून जातात, आणि नेमकें हवें तेव्हां ऊन खालीं येतें. छाया ऋतूप्रमाणें वाढावी आणि घटावी, ही सोय कोणत्याही पक्क्या छपरांत नाहीं.

मांडव पश्चिमेस, कडुनिंबाच्या छायेला लागून. पूर्वदक्षिणेचा भाग उघडा ठेवला, तेथें वाळवण. दक्षिणपूर्वेच्या टोकास प्राजक्त, त्याचें खोड माणसाच्या उंचीपर्यंत स्वच्छ ठेवलेलें. त्याचीं फुलें सकाळीं आपणच खालीं पडतात, म्हणून झुडुपांत हात घालावा लागत नाहीं. वाफ्यांत कोथिंबीर, मेथी, झेंडू, गुलबक्षी, सर्व बुटकीं. झोपाळा मांडवांत. केरासाठीं झांकणाचें पिंप. उघडा उकिरडा नाहीं. कुलरच्या टांक्यांतलें पाणी आठवड्यास पुरतें काढून, टांकें घासून कोरडें करावयाचें, कारण बिबट्याहून डांस अधिक घरांत शिरतो. भिंतीच्या दोन्ही टोकांस दिवे, आणि बसण्याच्या जागेवर एक मंद दिवा.

एवढें केलें म्हणून भय नाहींसें झालें असें मात्र कोणीं समजूं नये. बिबट्या भिंत सहज चढतो, आणि अरण्य आमच्या नकाशाच्या बाहेरच आहे. दिवेलागणीनंतर नातू एकटा परसांत जात नाहीं, हा नियम अजून तसाच आहे. पूर्वी त्या जागेची भीति होती; आतां सावधगिरी आहे. भीतीनें दार बंद होतें. सावधगिरीनें तें वेळेवर उघडतें आणि वेळेवर लागतें.

आतां संध्याकाळीं साडेपांच ते सात हा वेळ घरांत कोणी राहत नाहीं. पाळी कोणतीही असो, चिरंजीव त्या वेळीं जागे आणि घरीं असतील तर झोपाळ्याशेजारीं खाटेवर असतात. नातवाचा पाठ तेथेंच होतो. सूनबाई भाजी निवडतात, सौभाग्यवती वाती वळतात. फारसें कोणी बोलत असतें असें नाहीं. पण कोण दमलें आहे, कोणाचें कांहीं बिनसलें आहे, हें न विचारतां कळतें. चिरंजिवांस रात्रपाळीमुळें निद्रानाश जडला आहे, ही गोष्ट एका घरांत राहून आम्हांस ठाऊक नव्हती. ती या मांडवांत कळली, आणि मग वैद्यकीय सल्ला घेतां आला. परसाचा एवढा एकच उपयोग झाला असता तरी आम्हीं समाधान मानलें असतें.

शेजारच्या एका स्नेह्यांनीं मध्यंतरीं विचारलें, "गुरुजी, बदली झाली कीं हें सगळें सोडून जायचें. परक्या घरावर एवढी मेहनत कशाला?" प्रश्न रास्त आहे. नोकरीच्या घरांत राहणारा मनुष्य दहा-वीस वर्षें भिंतीस खिळा ठोकण्यासही कचरतो, आणि आयुष्याचा उत्तम काळ 'आपलें घर होईल तेव्हां' या शब्दांत संपवितो. तेवढ्यांत मुलें मोठीं होऊन निघून जातात. तीं ज्या घरांत वाढलीं तेंच त्यांचें घर. मालकी कागदावर कोणाची आहे हें मुलांस ठाऊक नसतें. शिवाय ज्या कडुनिंबाखालीं आम्ही बसतों, तो कोणा पूर्वीच्या बिऱ्हाडकरूनें लावला असला पाहिजे. त्याचें नांव आम्हांस माहीत नाहीं. त्यानेंही बदलीचा हिशोब केला असता, तर चार वाजतांचें ऊन आज आमच्या डोक्यावर असतें.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें इतकेंच, कीं जागा लहान आहे, परकी आहे, किंवा गच्चीवरची चार हात आहे, म्हणून तिचा विचार टाकूं नये. आधीं घरांतील प्रत्येकाचें म्हणणें लिहून घ्यावें, अगदीं लहान मुलाचेंसुद्धां. मग वर्षभर ऊन आणि पाणी पाहावें. मग सर्वांस पटेल असा एखादा नियम शोधावा, आणि विकत आणावयाची प्रत्येक वस्तु त्या नियमास विचारून आणावी. एकसूत्रता रंगसंगतीनें किंवा महागड्या आसनांनीं येत नाहीं. भांडण कशावरून आहे तें नीट ऐकून घेतल्यानें ती येते.

नकाशाच्या वहीची एक प्रत आम्हीं स्वयंपाकघराच्या फळीवर ठेविली आहे. कोणत्या विटेखालून पाट जातो, मांडवाचे दगड किती खोल आहेत, तट्टे केव्हां उतरावयाचे आणि मुनवे केव्हां काढावयाचे, हें तींत सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे. आमच्यामागून जें बिऱ्हाड येईल त्यास ती उपयोगी पडेल.